चार नंबरच्या मशीनवरचा दुसरा संघ

खुर्ची पुढे केली तरी ती मुलगी बसली नाही. दाराला पाठ लावून उभी राहिली आणि बोलायच्या आधी तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेअकराला तिला लॅबमध्ये कामावर परत जायचं होतं, आणि घरी धाकटा भाऊ होता. शेजारच्या शालूबाई त्याच्यापाशी बसल्या होत्या, पण त्या तरी किती वेळ बसणार?

ऑगस्ट २००७ मधला तो शुक्रवार. शाहूपुरीत शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर संयोगिता इंगवले यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. वीस वर्षं कोर्टात स्टेनोग्राफर म्हणून काढल्यावर बाईंनी खाजगी तपासाचं काम सुरू केलं होतं. बहुतेक कामं लग्नाआधीच्या चौकशीची. कृष्णात हे त्यांचे मदतनीस, पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ते वही उघडून बसले.

मुलीचं नाव संघप्रिया शिंगे. तिनं सांगितलं, की भाऊ बुद्धभूषण पाच दिवस जेवलेला नाही. पाणी घेतो, कधी अर्धा कप चहा. परवा त्यानं शालूबाईंना विचारलं, घरात फिनेल कुठं असतं. तेव्हापासून फिनेल, दाढीची ब्लेडं, आईच्या आजारपणातल्या उरलेल्या गोळ्या, सगळं तिनं शालूबाईंच्या कपाटात नेऊन ठेवलं होतं.

"आणि कारण काय?" बाईंनी विचारलं.

"एक खेळ," संघप्रिया म्हणाली, आणि मग पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. "तुम्ही हसाल."

कोणी हसलं नाही. कृष्णातांनी तीस वर्षांच्या नोकरीत असे आवाज ऐकले होते. त्यांनी उठून दार लावून घेतलं.

बुद्धभूषण चोवीस वर्षांचा. एका पेठेच्या संघाकडून डाव्या बगलेवरून फुटबॉल खेळायचा, पाठीवर अकरा नंबर. वडिलांनी त्याला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, ते स्वतः होते त्याच फौंड्रीत लावलं. दीड वर्षापूर्वी तिथं साच्यांची चळत अंगावर कोसळली. कमरेखालचं गेलं. चार महिने तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मग कोणीतरी त्याला नेट कॅफेत नेलं आणि तिथं त्याला तो खेळ सापडला.

खेळ इंटरनेटवरचा. प्रत्येकाला एक कागदोपत्री फुटबॉल संघ मिळतो. खेळाडू निवडायचे, त्यांचा सराव ठरवायचा, अदलाबदल करायची. दर रविवारी सामना होतो, तो मशीनच खेळतं आणि निकाल सांगतं. कोल्हापूरच्या सोळा जणांची त्यात एक लीग होती. यंदा बुद्धभूषण तिचा विजेता ठरला. आणि आठ दिवसांनी त्याच्या संघाला कुलूप लागलं.

"नियम एकच आहे," संघप्रिया म्हणाली. "एका माणसाचा एकच संघ. ते म्हणतात, त्यानं दोन चालवले. दुसऱ्या संघातनं स्वतःला खेळाडू दिले, दुसऱ्या संघाला मुद्दाम हरवून घेतलं. सगळ्यांच्या देखत त्याच्या नावापुढं चीटर लिहिलंय. पावसात, चाकाच्या खुर्चीत बसून वर्षभर गेला तो तिथं. तेवढंच होतं त्याच्याकडं."

रविवारी संध्याकाळी सहापर्यंत खुलासा दिला नाही, तर संघ कायमचा पुसला जाणार होता. तिनं खेळाच्या समितीनं पाठवलेली पानं टेबलावर ठेवली आणि ती पळतच जिना उतरली.

पानांवर गेल्या तीन महिन्यांची नोंद होती. कोणता संघ, कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठली पानं उघडली. बुद्धभूषणचा संघ रोज संध्याकाळी सहाला उघडलेला. दुसऱ्या संघाचं नाव होतं 'कागल कामगार'. तो आठवड्यातून एखादवेळी उघडलेला, पण दोन्ही एकाच कॅफेतल्या एकाच मशीनवरून.

"वेळांचा काय मेळ न्हाय, बाई," कृष्णात म्हणाले. "एका आठवड्यात सकाळी नऊ. दुसऱ्यात संध्याकाळी पाच. तिसऱ्यात दुपारी बारा. मग परत नऊ."

"परत पाच, परत बारा," बाई म्हणाल्या. "आणि शनिवारी एकदाही नाही. लिहून ठेवा."

समितीचा सगळा भर मात्र दुसऱ्याच गोष्टीवर होता. बुद्धभूषण आधी हवामानाचं पान उघडायचा, मग संघाचं, मग बाजाराचं. 'कागल कामगार'चा मालकही हवामान, संघ, बाजार याच क्रमानं जायचा. समितीनं शेवटी लिहिलं होतं, 'सवय माणसाला लपवता येत नाही.'

कॅफे राजारामपुरीत होता. मालक सूरज, तिशीतला, बोलायला मोकळा. एक माणूस एक संघ, ही सूचना त्यानंच छापून भिंतीवर लावली होती. चार नंबरचं मशीन दाराजवळ, खुर्ची आत घेता येते म्हणून बुद्धभूषणला तेच. त्यानं रजिस्टर काढून दिलं. पोलिसांच्या नियमाप्रमाणे येणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यात लिहिलेलं असायचं.

'कागल कामगार'च्या वेळांपुढे, चार नंबरच्या मशीनला, दर वेळी एकच नोंद होती: साक्षी, ऑफिस काम.

साक्षी काउंटरवर बसायची. लोकांचे नोकरीचे, परीक्षेचे अर्ज भरून द्यायची. बाई आणि कृष्णात बोलत होते तेव्हाही ती कोणाचा तरी अर्ज भरत होती, नजर समोरच्या माणसाकडे आणि बोटं आपोआप चाललेली. तुझं ऑफिसचं काम काउंटरवरच्या मशीनवर होत नाही का, असं बाईंनी विचारलं, तेव्हा ती बोटं थांबली.

"कधी कधी तिकडं करते," ती म्हणाली. ती परत अर्जाकडे वळली. बुद्धभूषण कसा आहे, हे मात्र तिनं दोनदा विचारलं.

बाईंनी सूरजला चार नंबरवर बसून खेळाचं पान उघडायला सांगितलं. नावाच्या चौकटीत पहिलं अक्षर टाकताच मशीननं 'कागल कामगार' पुरं केलं, पासवर्डही स्वतःच भरला. टाइप करायला काही उरलंच नाही. त्या संघातले खेळाडू, त्यांची नावं, सगळं मशीननं जसं दिलं होतं तसंच होतं. वर्षभरात संघाच्या मालकानं एक शब्दही कुठं लिहिला नव्हता.

"हिचंच काम, बाई," बाहेर आल्यावर कृष्णात म्हणाले. "पोरीचा जीव हाय त्याच्यावर. दिसतंय की."

"नोंदीत बघा. ती तीन पानं उघडायला त्या माणसाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. ती पोरगी तेवढ्यात तीन अर्ज भरते."

तक्रार केली होती विश्वजित पाटोळेनं. लीगमध्ये तीन गुणांनी दुसरा आलेला. उचगावच्या रस्त्याला त्यांचं दूध संकलन केंद्र. सूरज म्हणाला होता, की हा गेल्या दिवाळीत लीगमध्ये आला आणि आल्यापासून बुद्धभूषणशी त्याची चुरस. कृष्णातांनी तिथं त्याला पोलिसी आवाजात घेतलं, पण तो दबला नाही.

"केली तक्रार. चोरून न्हाय, नाव घालून केलीया. पाच शून्य, सहा शून्य. त्या संघानं गोलकीपर पुढं खेळवला त्याच्याबरोबर. आमच्याबरोबर न्हाय खेळवला." मग तो थोडा थांबला. "एक मात्र मला कळंना झालंय. खेळाडू दिले, तर तिन्ही डाव्या बगलेचे दिले. त्याच्या डावात बगलेवर कोण नसतंयच. त्याचा गोलकीपर कच्चा, हे आमच्या सगळ्या लीगला ठावं. मी चोरी केली असती, तर गोलकीपर चोरला असता."

बाईंनी विचारलं, की 'कागल कामगार' कधी सुरू झाला माहीत आहे का. त्यानं केंद्रातल्या कॉम्प्युटरवर खेळातच बघून सांगितलं: जुलै २००६. बुद्धभूषणच्या संघानंतर पाच आठवड्यांनी.

शनिवारी दुपारी बाई आणि कृष्णात शिंग्यांच्या घरी गेले. विचारेमाळात वरच्या मजल्यावर दोन खोल्या. वडील यल्लाप्पा दारातच स्टुलावर बसले होते, साठीला टेकलेला माणूस, हातांवर जुन्या भाजल्याचे डाग. शनिवारी त्यांची साप्ताहिक सुट्टी. शालूबाईंना त्यांनी घरी पाठवलं होतं, पण आतल्या खोलीत काही गेले नव्हते.

बुद्धभूषण भिंतीकडे तोंड करून पडला होता. खोलीत न जेवलेल्या माणसाच्या श्वासाचा वास होता. बाई जमिनीवरच बसल्या आणि तुझ्यावर विश्वास आहे वगैरे काही न बोलता त्यांनी सरळ खेळाबद्दल विचारायला सुरुवात केली. हवामानाचं पान कशाला उघडतोस?



"पाऊस असला की मैदान जड हुतंय," तो भिंतीला म्हणाला. "अंगानं दणकट पोरं घ्यावी लागत्यात. पण ते शनिवारी. रविवारचं हवामान शनिवारीच कळतंय. बाकीच्या दिशी त्या पानावर काय नसतंय."

कृष्णातांनी नोंदीची पानं पुन्हा चाळली. खरंच, बुद्धभूषणनं ते पान फक्त शनिवारी उघडलं होतं. 'कागल कामगार'नं मात्र दर वेळी, मंगळवार असो की गुरुवार.

त्या तीन डाव्या खेळाडूंबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, की कोणीतरी नवखा वाटेल तसे वाटून टाकतोय असं वाटलं. घेतले, कारण तीच आपली जागा होती. एकदाही खेळवले नाहीत, नुसते ठेवले. मग त्यानं मान थोडी वळवली. "मी केलं न्हाय. पण आता म्हणून काय उपेग. पायबी गेलं, नावबी गेलं."

बाहेर यल्लाप्पांनी चहा केला होता. पोराला कॅफेत कोण नेतं, असं बाईंनी विचारलं. रोज संध्याकाळी पोरगी नेती, ते म्हणाले. "माजी सुट्टी शनिवारी. त्या दिशी मी खुर्ची ढकलतो. मागं हुबा ऱ्हातो तासभर. आपल्याला त्यातलं काय कळतंय, बाई. इंग्रजी सगळं."

आणि इतर दिवशी तुम्ही कुठं असता?

"पाळी बदलती की. रातपाळी, मग पैली, मग दुसरी. दर आठवड्याला."

बाईंनी कप खाली ठेवला. चहा तसाच होता.

परतताना बाईंनी रिक्षा केली. दाभोळकर कॉर्नरला सिग्नलपाशी त्यांनी विचारलं, "कृष्णातराव, एखादी गोष्ट खरी असली आणि ती सांगितल्यानं माणूस आणखी मोडणार असला, तर सांगावी का?"

कृष्णातांना अजून काही कळलेलं नव्हतं, पण त्यांना एवढं दिसलं, की बाईंनी उत्तर शोधलंय आणि ते त्यांना नकोय. "न सांगता तो जगंल का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग इचारताय कशाला."

रविवारी दोन वाजता त्या खोलीत सात माणसं होती. बुद्धभूषण पलंगावर, उशीला टेकवून बसवलेला. पायाशी संघप्रिया. खिडकीत विश्वजित, अवघडलेला. साक्षी दारालगत, आणि तिच्या मागं यल्लाप्पा, अर्धे खोलीत, अर्धे बाहेर. बाई खुर्चीवर. कृष्णात भिंतीला टेकून. आदल्या रात्री बाईंनी त्यांना सगळं समजावलं होतं, आणि आता ते कोणाच्याच तोंडाकडे बघत नव्हते.

"समितीनं एक गोष्ट बरोबर धरली," बाईंनी सुरुवात केली. "दोन्ही संघ एकाच क्रमानं पानं उघडत होते. पण बुद्धभूषणला हवामानाचं पान कशासाठी आहे हे माहीत होतं. म्हणून तो शनिवारीच ते उघडायचा. दुसऱ्याला ते माहीत नव्हतं. त्यानं ते पान दर वेळी उघडलं, कारण तसंच करायचं असतं, एवढंच त्यानं बघितलं होतं. म्हणजे तो माणूस बुद्धभूषणच्या मागं उभा राहून शिकला. आणि तो फक्त शनिवारी मागं उभा असायचा."

संघप्रियानं मान वर केली.

"त्याला टाइप करता येत नाही. म्हणून तो मशीन बदलू शकला नाही. नाव आणि पासवर्ड चार नंबरलाच साठवलेला होता. चोरी लपवणारा माणूस मशीन बदलतो. सूरजनं तर बदललंच असतं, भिंतीवर नियम त्यानंच लावलाय. विश्वजितनं हे रचलं म्हणावं, तर तो येण्याआधीच हा संघ निघालेला होता. साक्षीचा हात इतका हळू चालत नाही. पण अर्ज भरून देणं हे साक्षीचं कामच आहे. कोणीतरी तिच्याकडून हा संघ काढून घेतला, आणि कोणाला सांगू नको म्हणून शब्द घेतला."

साक्षी रडत होती, आवाज न करता. वर्षभर तिनं रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव लिहिलं होतं.

"राहिल्या वेळा. सकाळी नऊ, पुढच्या आठवड्यात संध्याकाळी पाच, त्याच्या पुढच्यात दुपारी बारा. रातपाळी सुटल्यावर. पहिली पाळी सुटल्यावर. दुसऱ्या पाळीला जायच्या आधी. शनिवारी कधीच नाही, कारण शनिवारी तो माणूस पोराबरोबर असायचा. आणि दिले कोणते खेळाडू? खेळ कळणाऱ्यानं गोलकीपर दिला असता. त्याला खेळ कळत नव्हता. त्याला एवढंच ठाऊक होतं, की हा पोरगा डाव्या बगलेवर खेळायचा."

"बास, बाई," मागून आवाज आला. "फुडचं मी सांगतो."

यल्लाप्पा आत आले. ते बोलले ते खाली फरशीकडे बघत. पहिले पाच रविवार पोरगा हरत होता. हरला की घरी येऊन भिंतीकडे तोंड. त्यांना वाटलं, आपणबी एक संघ काढावा, आणि हरावं. एवढंच त्यांनी साक्षीला सांगितलं होतं, पोराकडनं हरायला एक संघ दे. नियम त्यांना ठाऊक नव्हता. कळला तेव्हा पोराच्या नावापुढं ते अक्षर लागलं होतं.

"तवा तरी सांगायचं हुतं, आप्पा," संघप्रिया म्हणाली. "सात दिवस झाले."

"काय सांगायचं? तू जिकलास ते मी दिलं म्हणून? ते ऐकून तो जगला असता व्हय?" त्यांनी भाजलेले हात पुढे केले. "बॉलमागं पळून पोट भरत न्हाय म्हणून मीच त्याला फौंड्रीत न्हेला. माज्याच हातानं."

खाली रस्त्यावर भाजीची गाडी ओरडत गेली.

बुद्धभूषणनं बाईंकडे बघितलं. त्याला फक्त एक विचारायचं होतं. दिलेले सामने किती?

"दोन. त्या तिघांना तू खेळवलंच नाहीस. बाकी सगळे तुझे."

"त्या संघाला आमी सगळ्यांनीच हरवलंय," खिडकीतून विश्वजित म्हणाला. तो पहिल्यांदाच बोलला होता, आणि घाईघाईनं. "तू असाबी जिकला असतास की."

"तुमी हरवलंय. मला त्यांनी जिकवलंय," बुद्धभूषण म्हणाला. "साक्षी, लिहून घे."

पत्र त्यानंच सांगितलं, थांबत, धाप लागत. खरं काय घडलं ते. वडिलांचं नाव, त्यांचा हेतू. त्या दोन सामन्यांचे सहा गुण माझे काढा. मग विजेता विश्वजित पाटोळे. माझ्या नावापुढचा शब्द तेवढा पुसा. विश्वजितनं मध्येच काही म्हणायचा प्रयत्न केला, पण बुद्धभूषणनं हात वर केला. साक्षी आणि विश्वजित कागद घेऊन कॅफेकडे गेले तेव्हा साडेतीन झाले होते.

उरलेले तिथंच बसून राहिले. यल्लाप्पा उंबऱ्यात. कृष्णातांना पुण्यातल्या आपल्या पोराची आठवण आली, ज्याला त्यांनी न विचारता पोलीस भरतीच्या रांगेत उभं केलं होतं. तो नापास झाला तेव्हा तीन महिने घरी बोलला नव्हता.

साडेपाचला संघप्रियाचा मोबाईल वाजला. तिनं ऐकलं, आणि जसं ऐकलं तसं सांगितलं. समितीनं शब्द पुसलाय. पण घरातल्याच दुसऱ्या संघानं खेळाडू आणि सामने दिले हे खरं, म्हणून खेळाडू सगळे काढून घेतलेत. नवीन अकरा मिळतील, सगळ्यांत खालच्या गटात. शून्यापासून.

बुद्धभूषणनं वडिलांकडे तोंड वळवलं. कृष्णातांना वाटलं होतं, तो रडेल किंवा माफ करेल. त्याच्या डोळ्यांत दोन्हीतलं काही नव्हतं. तिथं राग होता, सात दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी जिवंत.

"बाकीच्यांस्नी वाटलं तर वाटू दे. तुमालाबी वाटलं व्हय, आप्पा, की ह्यो आता आपल्या आपण जिकत न्हाय?"

यल्लाप्पा उंबऱ्यातून उठायला लागले.

"उत्तर द्या."

"व्हय," म्हातारा म्हणाला. "वाटलं."

संघप्रिया उठायला लागली, त्यांच्या मध्ये यायला. बुद्धभूषणनं तिचा हात धरून थांबवलं.

"अक्का, ताट कर. आप्पास्नी लई बोलायचं हाय मला, आणि रिकाम्या पोटी आवाज निघंना झालाय."

ती स्वयंपाकघरात पळाली. बाईंनी कृष्णातांना खुणावलं. दोघं जिना उतरून खाली आले, तोवर वरनं बुद्धभूषणचा आवाज यायला लागला होता, घासागणिक चढत जाणारा. आणि मध्ये मध्ये यल्लाप्पांचा, त्याला उलट उत्तर देणारा.